मिशन हरलं, आता पुढे काय? एक्सकॉम २ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

एक्सकॉम २ सुरू केलात की पहिल्या काही मिशनांत एखादं हातचं जाणारच. खेळ तसाच बेतलेला आहे. अशा वेळी नवखा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर जुनं सेव्ह उघडून तीच लढाई पुन्हा लढतो, नाहीतर वैतागून सगळी मोहीमच पहिल्यापासून सुरू करतो. दोन्हींच्या आधी थोडं थांबून त्या हरण्याचं नेमकं बिल किती झालं ते बघा. बहुतेक वेळा ते वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. उलट चार चांगली माणसं घालवून जिंकलेलं मिशन पुढचे दोन महिने भोवतं, आणि तेव्हा ते जिंकल्याचा शिक्का काही कामाला येत नाही.

खेळ अगदीच माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिरॅक्सिस कंपनीचा हा खेळ २०१६ मध्ये आला आणि त्याचा मोठा विस्तार ‘वॉर ऑफ द चोजन’ २०१७ मध्ये. पृथ्वी परग्रहवासीयांनी घेतली आहे, तुम्ही बंडखोरांचे कमांडर आहात आणि अ‍ॅव्हेंजर नावाच्या उडत्या जहाजात तुमचा तळ आहे. एका बाजूला जगाचा नकाशा असतो, त्यावर दिवस पुढे सरकतात. दुसऱ्या बाजूला मिशन असतं, त्यात चार ते सहा सैनिक घेऊन आळीपाळीने चाली खेळायच्या. मिशनमध्ये काय झालं याचे परिणाम नकाशावर उमटतात, आणि नवख्याची गडबड होते ती इथेच. मिशनचा पडदा डोळ्यांसमोर असतो, नकाशा नसतो.

पायरी १ : मोहीम सुरू करतानाच

अडचणीच्या चार पातळ्या आहेत : रूकी, व्हेटरन, कमांडर, लेजंड. पहिल्यांदा व्हेटरन घ्या. रूकीवर खेळ इतका सांभाळून घेतो की माघार घ्यायची वेळच फारशी येत नाही, आणि माघार शिकल्याशिवाय पुढच्या पातळ्या झेपत नाहीत. हे माझं मत आहे. ज्यांना फक्त गोष्ट बघायची आहे त्यांनी खुशाल रूकी घ्यावी.

आयर्नमॅन नावाचा एक पर्याय दिसेल. तो निवडला की सेव्ह एकच राहतं आणि प्रत्येक चालीनंतर त्याच्यावरच लिहिलं जातं, मागे जाता येत नाही. पहिल्या मोहिमेत तो बंद ठेवा. आमच्या ग्वाल्हेरकरांसाठी त्याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि भर दुपारी लाईट जाते. सेव्ह लिहिलं जात असताना कॉम्प्युटर बंद पडला तर फाईल बिघडू शकते, आणि आयर्नमॅनमध्ये ती एकच फाईल असते. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, पण लाईट गेल्याक्षणी कॉम्प्युटर सुरूच राहील याची खात्री नसते. त्यासाठी छोटा यूपीएस वेगळा लागतो. पुढे कधी आयर्नमॅन खेळायचा असेल तर आधी तो घ्या.

वॉर ऑफ द चोजन असेल तर नवी मोहीम सुरू करताना आणखी दोन सवलती मिळतात. मिशनमधली वेळेची मर्यादा वाढवता येते आणि शत्रूचा अवतार प्रोजेक्ट, म्हणजे नकाशावर लाल पट्टीने दिसणारी त्याची गुप्त योजना, संथ करता येतो. दोन्ही घ्यायला काही हरकत नाही. कुणी हसलं तर हसू द्या.

पायरी २ : मिशन घेण्याआधी दोन ओळी वाचा

गनिमी मिशनं येतात तेव्हा पडद्यावर दोन-तीन ठिकाणं एकदम दिसतात आणि त्यातलं एकच घेता येतं. प्रत्येकाखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक बक्षीस : सप्लाय (खर्चाचा पैसा), इंटेल (गुप्त माहिती, तीही खर्चता येते), सायंटिस्ट, इंजिनियर किंवा सैनिक. दुसरी, त्या मिशनमुळे शत्रूचा कोणता डार्क इव्हेंट, म्हणजे छुपा डाव, टळणार ती. नवखे फक्त बक्षीस वाचतात.

खरी गंमत अशी की सगळं जिंकलात तरी एकच डार्क इव्हेंट टळतो. बाकीचे येणारच. म्हणजे दर महिन्याला थोडं नुकसान सोसायचं हे खेळाने आधीच ठरवलेलं आहे, तुम्ही फक्त कोणतं सोसायचं ते निवडता. वायपर राउंड्समध्ये शत्रूच्या गोळ्यांनी विष चढतं, एलियन सायफरमध्ये इंटेलने घ्यायच्या गोष्टी महाग होतात. हे त्रासदायक आहेत, पण त्यांची मुदत संपते. यूएफओ तुमच्या जहाजामागे लागणार असं लिहिलेलं दिसलं तर मात्र बक्षीस विसरून तेच टाळा. का, ते शेवटी येईल. बक्षिसांत सुरुवातीला इंजिनियर मिळत असेल तर सायंटिस्टपेक्षा तो आधी घ्या, कारण जहाजातल्या खोल्या मोकळ्या करायला हात कमी पडत असतात.

सगळे भले सैनिक जखमी पडले असतील तर एखादं मिशन सोडूनही देता येतं. डार्क इव्हेंट लागू होईल, बक्षीस जाईल, पण तुमचं माणूस एकही जाणार नाही.

पायरी ३ : घड्याळ कुठलं आहे ते ओळखा

बऱ्याच मिशनांत वरच्या कोपऱ्यात उरलेल्या टर्नचा आकडा असतो. तो संपल्यावर काय होतं ते सगळीकडे सारखं नसतं. नव्या लोकांचा सर्वात मोठा तोटा याच एका गोष्टीने होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रकार : यंत्र हॅक करायचं किंवा उडवायचं असतं. आकडा संपला तर ते काम फसतं, बस्स. तुमची माणसं तिथेच जिवंत असतात, लढून किंवा माघार घेऊन घरी येऊ शकतात. इथे शेवटच्या दोन टर्नमध्ये आंधळी धाव घेण्याची काही गरज नाही.

दुसरा प्रकार : एखाद्या माणसाला सोडवून ठरलेल्या जागेवरून विमानात चढवायचं असतं. इथे आकडा संपला की विमान निघून जातं आणि खाली उरलेले सगळे शत्रूच्या हाती लागतात. सोडवायचा तो माणूसही गेला आणि सोडवायला गेलेलेही गेले. या प्रकारात आकडा तीनवर आला की लढाई विसरा आणि चालायला लागा. वाटेत एक शत्रू अर्धमेला असेल, एका गोळीत पडेल असं दिसत असेल, तरी चालायला लागा.

मिशनच्या सुरुवातीला जी सूचना वाचून दाखवतात त्यातच हे कळतं. ती घाईघाईने बंद करू नका.

पायरी ४ : माघार

स्क्वॉडमधला कुणीही फ्लेअर, म्हणजे खुणेचा दिवा, टाकून इव्हॅकची, म्हणजे विमानाने उचलून नेण्याची, जागा ठरवू शकतो. बहुतेक मिशनांत ती कुठेही टाकता येते, काहींत मात्र आधीच ठरलेली असते. जागेवर मोकळं आकाश हवं. घराचं सपाट छप्परही चालतं, आणि छपरावर आधीच तुमचा स्नायपर बसलेला असेल तर ते उत्तमच. त्या चौकटीत पोचलेला प्रत्येक जण बटन दाबला की दोरावरून वर जातो. न पोचलेला खालीच राहतो.

माझा भाचा व्हेटरनवर खेळतो आणि सैनिकांना घरातल्यांची नावं देतो. स्नायपरचं नाव आजोबा, रेंजरचं (जवळून लढणाऱ्या सैनिकाचं) आत्या, म्हणजे मी. बाकी दोघे नवे भरती झालेले, त्यांना अजून नाव मिळालेलं नव्हतं. मिशन यंत्र हॅक करायचं होतं, आकडा तीनवर. आजोबा छपरावर, आत्या रस्त्यावरच्या गाडीआड अर्ध्या तब्येतीने, आणि नव्यांपैकी एक रक्तबंबाळ होऊन पडलेला. त्याच्यावरही तीनचा आकडा. तेवढ्या टर्नमध्ये मेडिकिट मिळालं नाही तर तो संपला. समोर एक सेक्टॉइड, म्हणजे परग्रहवासीयांचा एक प्रकार, आणि दोन शिपाई. त्यांच्या पलीकडे यंत्र, दोन धावांवर.

भाचा म्हणाला, “आत्या, तू धाव, हॅक कर, मग बघू.”

मी त्याला चाली मोजायला लावल्या. दोन धावा म्हणजे आत्या दोन टर्न उघड्यावर. हॅक जमेलच याचीही टक्केवारी, खात्री नाही. तेवढ्यात खाली पडलेल्याचा आकडा एकवर येणार, आणि उचलायला जाणारा दुसरा नवखा त्याच तीन शत्रूंच्या समोर. जमलं तर इंटेल मिळणार. नाही जमलं तर चारातले तीन जाणार.

त्याने तोंड वाकडं करून फ्लेअर टाकला, आजोबांच्याच छपरावर. दुसऱ्या नव्याने पडलेल्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर माणूस असताना गोळी झाडता येत नाही, म्हणून आजोबांनी वरून एका शिपायाला पाडलं आणि आत्याने धुराचा बॉम्ब टाकून वाट झाकली. पुढच्या दोन टर्नमध्ये चौघेही वर. मिशन फसलं, शिक्का लाल. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या खऱ्या आजोबांनी विचारलं, “मी आलो ना परत? मग चहा टाका.”

त्या हरण्याचं बिल असं : इंटेल गेलं, महिनाभर शत्रूच्या गोळ्या विषारी झाल्या, एक नवखा आणि आत्या दवाखान्यात. आजोबा मात्र पुढच्या मिशनला तयार, आणि त्या मोहिमेत पुढे सगळा भार त्यांनीच उचलला.

माघारीला लाजू नये. निदान ग्वाल्हेरच्या माणसाने तरी नाहीच. १७८७ मध्ये राजस्थानातल्या लालसोटला बादशाही पलटणी फितूर होऊन पलीकडे गेल्या, तेव्हा महादजी शिंद्यांनी ती लढाई ताणली नाही, सैन्य मागे घेतलं. पुढे आपला युरोपीय सेनानी द बॉयन याच्या कवायती पलटणी वाढवल्या आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता जिंकलं. सैन्य लालसोटलाच संपलं असतं तर वाढवायला काही उरलंच नसतं.

माघार कधी, याला माझा साधा नियम आहे. पहिला माणूस पडला आणि समोर दोनापेक्षा जास्त शत्रू ताजेतवाने असले, की फ्लेअरची जागा तेव्हाच मनात ठरवून ठेवायची. दुसरा पडला की ती टाकायची. तिसऱ्याची वाट बघितली तर उचलायला कुणी उरत नाही.

पायरी ५ : मागे कोण आणि काय राहिलं

मेलेल्या साथीदारालाही खांद्यावर घेता येतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. त्याचं सामान त्याच्याबरोबर परत येतं, म्हणून जमत असेल तर आणा. पण त्यापायी दुसरा गमावू नका, कारण हरवणारं सामान तुम्हाला वाटतं तेवढं नसतं. एक्सकॉम २ मध्ये मॅग्नेटिक रायफली एकदा घेतल्या की सगळ्या स्क्वॉडला मिळतात, कितीही मेले तरी पुन्हा विकत घ्याव्या लागत नाहीत. जातात त्या प्रोव्हिंग ग्राउंडमध्ये, म्हणजे जहाजातल्या कार्यशाळेत, एकेक करून बनवलेल्या वस्तू आणि बंदुकीला लावलेल्या जोडण्या.

जिवंत मागे राहिलेला सैनिक मेला असं धरू नका. तो बहुधा कैद होतो आणि पुढे कधीतरी त्याला सोडवायचं मिशन समोर येतं. कधी येईल ते तुमच्या हातात नसतं. त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवून बसू नका, दुसरा तयार करा.

पायरी ६ : परत आल्यावर लगेच

आधी जखमींची यादी उघडा. प्रत्येकापुढे किती दिवस लागणार ते लिहिलेलं असतं. जबर जखमी झालेला बरा झाला तरी कधी कधी खचलेला राहतो, म्हणजे त्याची विल (मनाची ताकद) खालावते आणि लढाईत तो लवकर घाबरतो. वॉर ऑफ द चोजनमध्ये जखमी न झालेले लोकही थकतात. थकलेल्याला पुन्हा पाठवलं तर त्याच्या मनात एखादी भीती बसू शकते. इन्फर्मरी, म्हणजे दवाखाना (विस्तार नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर सेंटर), बांधून तिथे इंजिनियर ठेवलात तर दिवस कमी होतात.

मग बाकावर कोण आहे ते बघा. चारच माणसं सतत पाठवणाऱ्याला एक वाईट मिशन पुरतं, त्याच्याकडे दुसरी फळीच नसते. मोहीम थोडी पुढे गेली की दहा-बारा माणसं असावीत. सोप्या मिशनला दर खेपेस एक नवखा न्या. गेरिला टॅक्टिक्स स्कूलमध्ये नवख्याला शिकवून ठरावीक कामाचा करता येतो, ती जागा रिकामी ठेवणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. चाराऐवजी पाच-सहा जण न्यायची परवानगीही याच शाळेत मिळते, पण तुमच्याकडे ठरावीक हुद्द्याला पोचलेला सैनिक असल्याशिवाय ती विकत घेता येत नाही. एकुलता एक सार्जंट मेला तर ही परवानगीही लांबते, आणि हे मिशनच्या निकालात कुठेही लिहिलेलं नसतं.

पायरी ७ : नकाशावरचं बिल

बंडखोरांच्या वस्तीवर शत्रू हल्ला करतो ते रिटॅलिएशन मिशन. ते हरलं तर त्या प्रदेशाशी संपर्क तुटतो आणि तिथून दर महिन्याला येणारा सप्लाय थांबतो. इंटेल खर्चून तो प्रदेश पुन्हा जोडता येतो, पण तेवढ्यात दुसऱ्या दोन कामांना पुरलं असतं तेवढं इंटेल त्यात जातं. गनिमी मिशन हरण्यापेक्षा हे महाग. चांगली फळी याच्यासाठी राखून ठेवा.

वरची लाल पट्टी म्हणजे अवतार प्रोजेक्ट. ती भरली की नवखे कळफलक आपटतात. भरणं म्हणजे हरणं नव्हे. पट्टी भरल्यावर उलटी मोजणी सुरू होते आणि तेवढ्या दिवसांत शत्रूचं एखादं केंद्र उडवलं किंवा गोष्टीतलं मोठं मिशन पार पाडलं की पट्टी खाली येते, मोजणी थांबते. केंद्र उडवायला सगळ्यांना मारावं लागत नाही. आत शिरायचं, स्फोटकं लावायची, फ्लेअर टाकून निघायचं. त्यासाठी त्या प्रदेशाशी संपर्क मात्र आधीच जोडलेला हवा. एक केंद्र हाताच्या अंतरावर ठेवून गरज पडेल तेव्हाच उडवणं ही जुन्या खेळाडूंची सवय आहे. ती उचलण्यासारखी आहे.

मूळ खेळात शेवटच्या मिशनआधी खेळ खरोखर संपतो तो दोनच प्रकारे. ती मोजणी शून्यावर आली तर, किंवा यूएफओने अ‍ॅव्हेंजर पाडलं आणि जहाज वाचवायचं मिशन तुम्ही हरलात तर. या दुसऱ्यात शत्रू जहाजात शिरला की मोहीम तिथेच बंद. इथे सगळं पणाला लावा, माघारीचा विचारही नको. शेवटचं मिशन सोडलं तर बाकी कुठलंही मिशन हरून मोहीम जिंकता येते.

सेव्हबद्दल

जुनं सेव्ह उघडणं पाप नाही. पण एक लक्षात ठेवा, खेळाचा फासा सेव्हबरोबरच साठवलेला असतो. तेच सेव्ह उघडून तोच नेम त्याच क्रमाने धरलात तर तीच गोळी पुन्हा चुकेल. नव्वद टक्क्यांचा नेम पाच वेळा चुकला म्हणून खेळाला शिव्या घालणारे यामुळेच दिसतात. उघडायचंच असेल तर मिशनच्या सुरुवातीचं उघडा आणि वाट बदला.

दुसऱ्या खेळात हाच हिशेब लावू नका

२०१२ चा एक्सकॉम एनिमी अननोन स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण आधी तो घेतात. तिथे बिल वेगळं येतं. १६ देश तुम्हाला पैसा पुरवतात आणि प्रत्येकाची घबराट एक ते पाच मोजली जाते. अपहरणाची तीन मिशनं एकदम येतात, एकच घेता येतं, उरलेल्या ठिकाणी घबराट वाढते. महिनाअखेर पाचवर असलेला देश सोडून जाऊ शकतो, गेलेला परत येत नाही, आणि आठ गेले की खेळ संपला. घबराट कमी करायला उपग्रह सोडायचा, त्याने त्या देशात ती दोनने उतरते. उपग्रह बनायला वीस दिवस लागतात, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला बनवायला टाका आणि सोडायचा मात्र महिनाअखेरच्या अहवालाच्या आदल्या दिवसांत, जिथे सर्वात जास्त पेटलं असेल तिथे. यादीत भारत आहे. आपल्याकडचे सगळेच पहिला उपग्रह भारतावर सोडतात. मायेपोटी सोडायला हरकत नाही, पण तेव्हा घबराट दुसरीकडे पाचवर नाही ना ते बघून. शिवाय त्या खेळात प्रत्येक रायफल वेगळी बनवावी लागते, त्यामुळे सगळा स्क्वॉड गारद झाला तर शस्त्रागारही रिकामं होतं.

इंटू द ब्रीच हा २०१८ चा छोटा खेळ अगदी निराळा. तिथे तुमची यंत्रं पुढच्या लढाईआधी दुरुस्त होतात, पायलट मात्र मेला तर मेला. जपायच्या त्या इमारती. त्यांना लागलेला प्रत्येक धक्का ग्रिडची वीज कमी करतो आणि ती सगळ्या बेटांवर तशीच पुढे चालते. शून्यावर आली की तो डाव गेला, फक्त एक पायलट दुसऱ्या डावात पाठवता येतो. त्यामुळे तिथे शत्रू मारण्यापेक्षा त्याला ढकलून इमारतीपासून तोंड फिरवायला लावणं जास्त फायद्याचं. गरज पडली तर आपलं यंत्र इमारतीच्या पुढे उभं करून मार खा. टर्न मागे घ्यायची सोय एका लढाईत एकदाच आहे, पहिल्या टर्नला उडवून टाकू नका.